बॅटरीची जन्मतारीख

आमच्या शेजारच्या सरजाबाईंनी जिंतूरच्या अंगणवाडीत एकतीस वर्षं काढली. लेकरू दारात आलं की आधी त्याची जन्मतारीख, मग नाव. एखादी आई म्हणायची, ज्वारी काढायला लागलो होतो तवा झालं. तिला बसवून घेऊन, सण कोणता जवळ होता, भावकीत कुणाचं लग्न होतं, असं विचारत विचारत बाई बरोब्बर तारखेपर्यंत आणायच्या. तारखेची लबाडी त्यांना खपायची नाही.

यजमान गेल्यावर त्यांची जुनी पांढरी गाडी विकायची सोडून बाई बावन्नाव्या वर्षी ती चालवायला शिकल्या. उन्हाळ्यात बन्सीधरच्या दुकानातून नवी बॅटरी आणली. कोणती घ्यावी विचारलं, तर बाईमाणसानं त्यात डोकं घालू नये म्हणत त्यानं स्वतःच एक काढून दिली.

श्रावणात एका सकाळी फोन आला. चुडाव्याकडचा त्यांचा भाऊ, मुंजाजी, गेला होता. मी आल्याबिगर माती करू नका, असं भाच्याला बजावून बाई निघाल्या. वाटेत झरी गावाला हार घ्यायला उतरल्या आणि परत येऊन किल्ली फिरवली, तर नुसती टकटक. चार माणसांनी ढकललं, तरी गाडी ढिम्म. शेवटी ती तिथंच सोडून एसटी धरली. पोचल्या तेव्हा, वाट बघून बघून शेवटी लोकांनी पेटवलेल्या चितेला तास झाला होता. हातातला हार तसाच राहिला.

गाडी आणायला परत झरीला गेल्या, तेव्हा तिथल्या फिटरनं बॅटरी बाहेर काढून दाखवली. वर चकचकीत स्टिकर, आणि बाजूला तारीख ठोकलेली असते ती जागा कानशीनं घासलेली. कुणाच्या तरी गाडीतून काढलेली जुनीच होती ती.

बाई तशाच दुकानात गेल्या. बन्सीधर गल्ल्यावरून उठलासुद्धा नाही. म्हणाला, "बॅटरी माणसासारखीच असती, ताई. कवा जाईल, कुणी सांगावं?"

बाई दुकानातून निघाल्या. माझ्या ओट्यावर येऊन बसल्या, चहा निवून गेला तरी कपाला हात लावला नाही. भावाचे दिवस झाल्यावर त्या परत झरीला गेल्या ते फिटरकडं शिकायला. बॅटरीवर ठोकलेलं कोणतं अक्षर कोणत्या महिन्याचं, आकडे कोणत्या सालाचे, मीटरचा काटा कितीवर असला म्हणजे बॅटरी धडधाकट, सगळं जुन्या हजेरीवहीच्या मागं लिहून आणलं.

दसऱ्याला सकाळी मला म्हणाल्या, "चल सविता, बॅटरी निवडायची हाय."

दुकान झेंडूनं सजलेलं. गाड्या धुऊन, हार घालून लोक दाटीनं उभे. बन्सीधरनं सणाचं हसून या ताई म्हटलं. बाईंनी चष्मा लावला आणि पहिल्या बॅटरीवर बोट ठेवलं.

"हिची जन्मतारीख?"

लोक हसले. बाई हसल्या नाहीत. स्वतःच वाचली, मोठ्यानं, अंगणवाडीत नावं पुकारायच्या त्या आवाजात. "ही दोन वर्षांची. ही तीन. हिची तारीख खरवडलेली, म्हणजे हिचे मायबाप लपवायलेत." पिशवीतून मीटर काढून टोकांना लावलं, काटा जवळच्या माणसाला दाखवला. हसणं थांबलं. ट्रॅक्टरवाले किशनराव पैसे मोजता मोजता थबकले आणि म्हणाले, "आमच्या बॅटरीची बी बघा की, बाई." मग दुसरा पुढं झाला. मग तिसरा.

बन्सीधर घामानं निथळला होता. आतून एक बॅटरी आणून त्यानं बाईंसमोर ठेवली. "मागच्याच महिन्यातली हाय. फुकट घ्या, पण आता बस करा."

बाईंनी ती वाचली. तारीख खरी होती. पदरानं तिच्यावरची धूळ पुसून किशनरावांकडं सरकवली. "ही घ्या, चांगली हाय."

"झालं समाधान?" बन्सीधरनं हळूच विचारलं.

"माझ्या भावाचं तोंड दाखव, मग होईल."

स्वतःची बॅटरी त्यांनी झरीच्या फिटरकडून आणली. आणि तेव्हापासून दर बाजारच्या दिवशी दुकानासमोरच्या चहाच्या टपरीवर बसतात, मीटर मांडीवर, चष्मा नाकावर. बॅटरी घेऊन कुणी बाहेर पडलं की हाक मारतात, "इकडं आणा. जन्मतारीख बघू."

मी एकदा म्हटलं, बाई, आता पुरे. त्यांनी मला सरकून बसायला जागा करून दिली.