बॉनेटवरचा पक्षी

त्या केसचा तपास आठ दिवसांत संपला. आठवण मात्र अजून पाठ सोडत नाही. तेव्हा मी दक्षिण दिल्लीतल्या एका ठाण्याचा प्रमुख होतो. सकाळची हजेरी आटोपत असतानाच ऐंशीच्या घरातले एक गृहस्थ समोर येऊन बसले. माझ्या छातीवरची नावाची पट्टी वाचून थेट मराठीत सुरू झाले.

"साहेब, माझ्या गाडीच्या बॉनेटवरचा पक्षी चोरीला गेलाय."

गाडी पन्नासच्या दशकातली, पक्षी पंख पसरलेला, क्रोमचा मुलामा दिलेला. हवालदार तोंड फिरवून हसला. मीही मनात म्हटलं, इथे रोज अख्ख्या गाड्या जातात आणि हे पक्ष्याचं काय घेऊन बसलेत!

"गाडी चालते का, काका?"

"नाही हो. गॅरेजात उभी असते. मुलगा परदेशात, बायको जाऊन दोन वर्षं झाली. सकाळी पेपर मी गाडीत बसूनच वाचतो. काचेतून समोर तो पक्षी दिसायचा." मग जरा थांबून म्हणाले, "त्याच्या पंखांच्या खाचांत दसऱ्याच्या पूजेचं हळदकुंकू आहे. कधी पुसलेलं नाही. आहे तसाच आणा."

फिर्यादीत मी लिहून घेतलं : ओळखीची खूण, पंखांत हळदकुंकू.

चौथ्या दिवशी जुन्या सुट्या भागांच्या बाजारातल्या खबऱ्याचा फोन आला. "साब, नोएडा का एक आदमी पुरानी गाड़ी की चिड़िया दिखाता घूम रहा है." तो हॉटेलांची सजावट करणारा निघाला. महिन्यापूर्वी तो गाडी विकत मागायला काकांकडे गेला होता. काकांनी नकार दिला, पण चहा पाजून तासभर गप्पा मारल्या, गॅरेजही दाखवलं. एकटी माणसं कुणालाही घरात घेतात, हे चोरांना आपल्याआधी कळतं.

चौकशीत मी आवाज चढवला नाही. पक्षी टेबलावर ठेवला.

"ये लाल क्या है?"

"जंग है साहब. बरसों से मेरे पास पड़ी है."

गंज म्हणे! मुलामा उडालेल्या जागी खालचं पितळ दिसत होतं. सारी नोकरी पट्ट्याचं बक्कल घासण्यात गेलेल्या माणसाला पितळ कुणी शिकवू नये.

"पीतल को लाल जंग कब से लगने लगा?"

त्याने पाणी मागितलं. पाणी मागितलं की अर्धी कबुली झाली, हा माझा अनुभव. उरलेली अर्धी पाणी पिऊन झाल्यावर आली.

पंचनामा झाला, फोटो झाले, पक्षी मालकाला द्यायचा कोर्टाचा हुकूमही आला. जप्त मालाच्या खोलीतून, मालखान्यातून काढला तेव्हा तो फारच मळकट दिसत होता. खुणेचं काम माझ्या लेखी संपलं होतं; म्हाताऱ्या माणसाची वस्तू, नीट करून द्यावी म्हणून बक्कलाची पॉलिश आणि जुना टूथब्रश घेऊन मी स्वतः बसलो. खाच न् खाच घासली. आरशासारखा लखलखला तेव्हा स्वतःवरच खूश झालो.

घरी नेऊन दिला तेव्हा काकांनी पक्षी दोन्ही हातांत घेतला, खिडकीशी नेला आणि पंखाच्या खाचेतून नख फिरवलं.

"छान चमकवलात हो," ते म्हणाले. "शेवटच्या दसऱ्याला हिने लावलं होतं. हिच्या बोटाचं होतं ते."

"चुकलो, काका."

"तुम्हाला काय माहीत? बसा, चहा टाकतो."

काय चोरीला गेलं, हे मी चोख लिहून घेतलं होतं. ते का हवंय, हे विचारायचं मला सुचलं नव्हतं. चोराने नेलेलं मी परत आणलं आणि स्वतःच्या हाताने पुसून टाकलं. पुढे नोकरीत प्रत्येक फिर्यादीला मी तो प्रश्न आधी विचारू लागलो.

आता मीही एकटा राहतो. आमच्या आरशाच्या कोपऱ्यात हिने चिकटवलेली एक टिकली आहे. कामवालीला पहिल्याच दिवशी सांगितलंय, "बाकी सब साफ करना, आईना मत पोंछना."