यादीतून नाव कमी करण्याबाबत

मी लिहावं असं माझ्याजवळ फारसं काही नाही, आणि सवय म्हणाल तर ती फक्त अर्ज लिहिण्याची. आमच्या घरातून कॉलेजात जाणारा मी पहिला. त्यामुळे घाटकोपरच्या आमच्या चाळीत माझ्या अक्षराला उगाच भाव होता. तेवढ्यावरच हे धाडस करतो आहे. वाचकांनी सांभाळून घ्यावं.

त्या वर्षी वडिलांना सरकारी योजनेत चारकोपला घर बांधायला एक लहानसा प्लॉट लागला. एका खोलीत आम्ही सहा जण राहत होतो, त्यामुळे आईने मनातल्या मनात तिथे स्वयंपाकघरही मांडलं. पहिला हप्ता सप्टेंबरअखेर भरायचा होता, नाहीतर प्लॉट रद्द. वडिलांनी कारखान्यातल्या कामगारांच्या पतपेढीत कर्जाचा अर्ज टाकला. पतपेढीने तत्परतेने दखल घेतली आणि वडिलांचं नाव नोटीस बोर्डावर लावलं, थकबाकीदारांच्या यादीत.

वडिलांनी जन्मात कर्ज काढलं नव्हतं. पण माझ्या काकांच्या कर्जाला ते जामीन होते. काका नोकरी सोडून गावी गेले, तेव्हा उरलेले सगळे पैसे त्यांनी पतपेढीच्या सेक्रेटरींच्या हातात दिले होते, आमच्याच खोलीत, चहा पिता पिता. सेक्रेटरी आमच्याच गावचे. गावच्या माणसाकडे पावती मागायची म्हणजे त्याला तोंडावर चोर म्हणायचं. एवढा असभ्यपणा आमच्यात कोणी करत नाही.

वडील मला घेऊन पतपेढीत गेले.

"पैसे तुझ्याच हातात दिले होते ना रे?" त्यांनी विचारलं.

"दिले ना! मला चांगलं आठवतंय," सेक्रेटरी म्हणाले. "दुसऱ्याच दिवशी मी पेढीत भरले. त्याच्या खात्यावर चढवायचे तेवढे राहिले. पावती दाखव, आत्ता चढवतो."

"तू दिली होतीस पावती?"

"तू मागितलीस?"

"मेल्या, मग आता तूच लिहून दे, पैसे मिळाले म्हणून."

"मी कसा देऊ? मी सेक्रेटरी! माझ्या आठवणीवर कमिटी चालते काय? पोरगा शिकलेला आहे ना तुझा? अर्ज कर म्हणावं. तीन प्रतींत."

मी केला. शिकलेल्या माणसाचा अर्ज वाया जात नाही, असं मला तेव्हा खरोखर वाटायचं. काकांना पत्र टाकून पैसे दिल्याचा त्यांचा लेखी जबाब मागवला, तोही जोडला. आता फक्त कमिटीची सभा व्हायची होती. कमिटीत सात जण, सातही कोकणातले, आणि महिना गणपतीचा. सातही जण गावी गेले. गणपतींचं विसर्जन वेळेवर झालं. कमिटी मात्र तिकडेच रमली, कारण कुणाच्या शेतात भात कापायला आला होता, तर कुणाच्या जमिनीची मोजणी निघाली होती.

तोवर वडील जेवणाच्या सुट्टीत कँटीनला जात नसत. बोर्ड तिथेच होता. डबा ते मशीनपाशी उभ्यानेच खात. हे त्यांनी सांगितलं नाही, त्यांच्या सोबत्याने सांगितलं.

दसऱ्यानंतर एकदाची सभा भरली. सेक्रेटरी स्वतः पेढे घेऊन घरी आले.

"नाव साफ! कर्जपण मंजूर!" ते म्हणाले. "आणि तुझ्या अर्जाची भाषा सगळ्यांना आवडली हां, बाळा. झकास." मग वडिलांकडे वळले. "आता माझ्या मेव्हण्याच्या कर्जाला तुझी सही लागेल. स्वच्छ जामीनदार हल्ली मिळतो कुठे?"

वडिलांनी सही केली. गावच्या माणसाला नाही म्हणणंही आमच्यात बसत नाही.

त्यानंतर दोन दिवसांनी योजनेच्या कचेरीतून पत्र आलं. आई हातातलं काम टाकून समोर बसली, आणि मी ते मोठ्याने वाचलं. मुदतीत हप्ता न आल्यामुळे आमचा प्लॉट रद्द होऊन प्रतीक्षा यादीतल्या पुढच्या अर्जदाराला दिला गेला होता.