काकांचा डोळा आणि माझा मॉनिटर

"रेघ फाटलीय," काका म्हणायचे, आणि एक डोळा मिटून स्टीलची फूटपट्टी थेट मॉनिटरच्या काचेला लावायचे.

पनवेलला एका आर्किटेक्टच्या ऑफिसात मी होतो. नकाशांच्या प्रिंट काढण्यापासून बंद पडलेल्या कॉम्प्युटरचा प्लग बघण्यापर्यंत सगळं माझ्याकडे. काका तिथले ड्राफ्ट्समन. शिरढोणहून रोज एसटीने यायचे. उभी हयात प्लॉटच्या हद्दी काढण्यात गेलेली. आधी शाईने, मग कॉम्प्युटरवर. तिथेही त्यांचं एक जुनंपुराणं सॉफ्टवेअर ठरलेलं. आम्ही बाकीचे नव्यावर गेलो, काका हलले नाहीत. "ह्याच्यात माझा हात बसलाय," म्हणायचे. पुढे वाद नाही.

तुमच्याही ऑफिसात असा एक माणूस असेल. नवीन काही आणलं की पहिली तक्रार त्याची. मग होतं काय, की त्याची खरी तक्रारही कुणी मनावर घेत नाही.

मोठे, झकपक मॉनिटर आले तेव्हा निवड माझी होती. चित्र इतकं बारीक की अक्षरं मुंगीएवढी दिसायला लागली. म्हणून मी सेटिंगमध्ये जाऊन सगळ्यांचं सगळं दीडपट मोठं करून ठेवलं. सगळे खूश. दुसऱ्या दिवशी काकांची फूटपट्टी बाहेर.

"ही रेघ बघ. कडेला धूर हाय."

मी वाकून पाहिलं. खरं सांगतो, मलाही जरा अंधूकच दिसलं. पण एवढे महागाचे मॉनिटर मी साहेबांशी भांडून मिळवले होते. मी म्हणालो, "काका, डोळे तपासून घ्या एकदा."

हे वाक्य ऑफिसात सगळ्यांना आवडलं. पुढचे दोन-तीन महिने प्रत्येकाने ते काकांना एकदा तरी ऐकवलं. चहावाल्यानेसुद्धा.

शेवटी काका डोळे दाखवायला गेले. डॉक्टर म्हणाले, मोतीबिंदू आहे, पण कच्चा आहे. वर्षभर थांबलात तरी चालेल. काका कसले थांबतायत! "हद्दीचं काम हाय. माझी रेघ सरकली तर दोन भाऊ कोर्टात जातील." उजव्या डोळ्याचं ऑपरेशन करून टाकलं.

काळा चष्मा लावून परत आले तेव्हा आम्ही पेढे खाल्ले. काका खुर्चीत बसले, चष्मा काढला, नकाशा उघडला आणि बराच वेळ नुसते बघत राहिले. फूटपट्टी काढलीच नाही.

"डोळा तर नवा हाय," ते हळूच म्हणाले. "म्हंजे बिघाड आत हाय कुठंतरी. मला आता माझा भरवसा नाय."

महिनाअखेरीला राजीनामा. निरोपाला शाल, श्रीफळ आणि साहेबांचं भाषण. मीही दोन शब्द बोललो. नेमका त्यांच्या नजरेबद्दल बोललो, काय अवदसा आठवली कुणास ठाऊक.

त्यांच्या जागी नवा ड्राफ्ट्समन आला. जुने नकाशे बघायला त्याने काकांचं सॉफ्टवेअर उघडलं आणि मला हाक मारली. "दादा, हे ब्लर दिसतंय. सेटिंग गंडलंय काहीतरी."

मी लगेच बसलो. पाच मिनिटांत सापडलं. त्या जुन्या सॉफ्टवेअरला दीडपटीचं काही कळतच नव्हतं. ते आपलं लहान चित्र काढत होतं आणि कॉम्प्युटर ते रबरासारखं ताणून दाखवत होता. त्या सॉफ्टवेअरपुरतं ताणणं बंद केलं. मेनू चिमुकले झाले, पण रेघ केसासारखी बारीक आणि स्वच्छ दिसायला लागली. काकांना दिसत होता तो धूर हाच.

रविवारी शिरढोणला गेलो. काका ओटीवर बसले होते. मी सगळं सांगितलं. मलाही अंधूक दिसलं होतं, तेही सांगितलं. "काका, दोष तुमच्या डोळ्यांचा नव्हता. चूक माझी होती. माफ करा मला."

काकांनी आत बघून चहा टाकायला सांगितला.

"धूर दिसला कुणाला?"

"तुमच्या जागी आलाय त्याला. पहिल्याच दिवशी."

"वय काय त्याचं?"

"सव्वीस."

काकांनी मान हलवली. चहा आला. मग कप माझ्या हातात देताना अगदी सरळ आवाजात म्हणाले, "त्याला नाय पाठवलंत डोळे तपासायला?"