मोलकरणीचा आवाज

मी आजवर किती थापा मारल्या, विचारू नका. बर्फात रुतलेली गाडी एका हाताने उचलली, परसातल्या अस्वलाला थालीपीठ खाऊ घातलं — इथे अमेरिकेत, श्रूजबरीतल्या निम्म्या मराठी घरांत माझे हे किस्से चालतात. ही एक गोष्ट मात्र बायकोलासुद्धा सांगितलेली नाही. आणि हिच्यात — नेमकं हिच्यातच — मी काही वाढवलेलं नाही.

चौऱ्याऐंशी-पंच्याऐंशी साल असेल. शनिवारी दुपारी आम्ही जोशीकाकूंच्या बेसमेंटमध्ये जमायचो. प्रत्येकाचा एक पदार्थ आणि व्हीसीआरवर एक सिनेमा. हिंदी कॅसेटी बघून संपल्या, तेव्हा मी पोर्तोरिकन दुकानातून एक जुना स्पॅनिश सिनेमा आणला. प्रेमाचा, विनोदी. खाली इंग्रजी अक्षरं नाहीत. मी म्हटलं, चिंता कसली, मला स्पॅनिश येतं! — मला फक्त ‘ग्रासियास’, म्हणजे ‘धन्यवाद’, येत होतं. टीव्हीशेजारी उभा राहून मी सगळ्यांचे संवाद मराठीत ठोकून दिले.

नायक गोरापान, नायिका गोरीपान, त्यांचं कुत्रंसुद्धा पांढरं. अख्ख्या सिनेमात काळी एकच — मोलकरीण. ट्रे घेऊन यायची, दचकायची, ट्रे पाडायची. तिला तीन वाक्यं असतील. मी तीस दिली.

नायक-नायिकेला शुद्ध पुणेरी दिलं. आणि तिला? “मले काहून बलावलं जी, बाईसाहेब?” — बेसमेंट कोसळायचंच बाकी राहिलं. जोशीकाकू डोळे पुसत म्हणाल्या, “हे कुठून शिकलास रे, मेल्या!”

कुठून शिकलो? — सांगतो. जरा थांबा.

त्या दिवशी नागपूरची सुजाता मेश्राम पहिल्यांदाच आली होती. युनिव्हर्सिटीत रिसर्च करायची. ती हसली नाही. नंतर जिन्यापाशी तिने मला हळूच विचारलं, “दादा, तुम्ही आमच्याकडचे का?”

टोमणा नव्हता हो. आशा होती. एवढ्या परक्या गावात आपलं म्हणावं असं एक माणूस — एवढंच तिला हवं होतं. माझ्या मागे सगळे उभे होते. मी मोठ्याने म्हणालो, “छे! मी पक्का पुणेकर.”

“बरं,” म्हणाली. आपला डबा उचलला आणि गेली. पुन्हा कधी आली नाही.

पुण्यात मी फक्त कॉलेजची चार वर्षं काढली. तो आवाज माझ्या आईचा होता. नागपुरात, विहारामागच्या आमच्या वस्तीतून रोज चार घरची भांडी घासायला जाणाऱ्या माझ्या आईचा. ‘बाईसाहेब’ म्हणताना तिची मान जशी झुकायची, तीसुद्धा मी हुबेहूब उचलली होती.

निदान त्यानंतर तरी मी गप्प बसलो असेन, असं वाटतंय ना तुम्हाला? पुढच्या शनिवारी फर्माईश आली — ती मोलकरीण पुन्हा कर.

मी केली. लोक आणखी हसावेत म्हणून मान थोडी जास्तच झुकवली.