उंदराचं औषध

फोन हातात घेतला का ती आधी पदर ओढायची. पदराचा आडोसा करून त्यात तोंड घालून लिवायची. पेणला पापडाच्या कारखान्यात आमी शेजारी शेजारी बसायचो. बाकीच्या बाया हसायच्या, "काय गो, सरकारचं गुपित लिवतेस काय?" ती बोलायची, "व्हय, तुझंच लिवते." आणि परत लाटी उचलायची.

तुमी बघितल्या असतील अशा बाया. आवाज कधी चढत नाय, तक्रार करत नायत. तिच्या पोरीनं दुसऱ्या जातीत लगीन केलं. दोघा भावांनी तंगडं तोडायची शपथ घेतली. घरात पोरीचं नाव काढायची सोय नाय. पोर रोह्याला राहाते, ह्ये फकस्त आईला ठावं आणि मला. मी कासूची, ती पलीकडच्या वाडीची, गाडी एकच. कवातरी सुट्टीला मी माझ्या नणंदेकडं जाते सांगून तिला रोह्याला न्यायची.

पर रोज काय जाता येतं? आणि फोनचं असं, की थोरला रोज संध्याकाळी आईचा फोन बघायचा. कुणाचा आला, कुणाला गेला, मेसेज काय. पोरीचा नंबर दिसला असता तर त्यानं रोहा गाठलं असतं. म्हणून तिला पायजे होती फोनातली वही. हिनं हिकडं लिवायचं, पोरीनं तिकडं वाचायचं, आणि मधी कुणाला दिसता नये.

कारखान्याच्या मालकाची सून शिकलेली. जेवणाच्या सुट्टीत तिनं दाखवलं, फोनात वही आधीच असते, फुकट. आमची लगेच भुलली नाय. पोरीचं काय पन न लिवता तिनं त्यात लिवलं, उंदराचं औषध आणायचं. बास, येवढंच. घरी कुणाला बोलली नाय.

सांजेला थोरला उंदराचं औषध घेऊन दारात.

दुसऱ्या दिवशी ह्ये सांगताना ती हसली, नि फोन सुनेपुढं ठेवला. सून बोलली, फोन मुलानं चालू करून दिलाय ना, मग खातं त्याच्या नावाचं हाय, तुमी लिवलेलं त्याच्या फोनात पन उमटतं. आमच्याकडं सगळ्या बायांचे फोन असेच. पोरगा नायतर नवरा चालू करून देतो. आमाला वाटतं केवढी माया.

मग शोध सुरू झाला. सून एकेक ॲप काढायची, ही एकेक परतवायची. एकानं ईमेल मागितला. "ईमेल त्याचाच. नको." एकानं फोन नंबर मागितला. "फुकट देतोय ना? मग माझं नाव-गाव कशाला पायजे त्याला?" सून वैतागली. बोलली, "मावशी, मुलगी बघायला गेलेल्या सासूवानी करताय तुमी."

शेवटी एक निघालं. नाव नाय, नंबर नाय. आपल्या मनातला एक लांबडा शब्द ठेवायचा. तोच शब्द दुसऱ्या फोनात टाकला का तीच वही तिथं उघडते. लिवलेलं सगळं कुलपात जातं, बनवणाऱ्याला पन वाचता येत नाय. सुनेनं खालची ओळ वाचली, शब्द विसरलात तर आमी पन उघडून देऊ शकत नाय. आणि बोलली, "ह्ये जरा धोक्याचं हाय हां."

"ह्येच पायजे," ती बोलली.

रोहा स्टेशनच्या बाकड्यावर तिनं तो शब्द पोरीच्या कानात सांगितला. मी गाडीकडं बघत बसले. त्या दिवसापासून दोघी एकाच वहीत लिवायच्या. भाजी काय केली, पाऊस किती, पोरीला दिस गेलेत. थोरल्यानं इचारलं तर सांगायची, भजनं लिवते.

थंडीत तिला दम लागला, आणि गेली. मी तिथंच व्हते. अजून न्हाऊ घातलं नव्हतं, तवा थोरल्यानं ती भजनांची वही उघडायला तिचा अंगठा धरून फोनावर दाबला. एकदा, परत एकदा. पापड लाटून लाटून आमच्या अंगठ्यावरच्या रेघा पुसून जातात, रेशनच्या मशीनला पन लागत नायत. वही काय उघडली नाय. बाराव्याला तो माझ्याकडं आला. "मावशी, आईनं शब्द काय ठेवला व्हता?"

"मी दुसरी शिकलेली बाई," मी बोलले. "मला कोन शब्द सांगतंय?"

वडखळच्या दुकानात त्यानं फोन सगळा पुसून घेतला. आता त्याची पोरं त्यावर गेम खेळतात.

मी सांगायला रोह्याला गेले. पोरीनं दार उघडलं नि बोलली, "म्हाईत हाय, मावशी. वहीत नवीन काय येईना, तवाच समजलं." रडली नाय. च्या ठेवला.

परवा परत गेलते. पोरीचं बाळ पाळण्यात झोपलेलं. तिनं फोन घेतला, वही उघडली नि लिवायला बसली. काय लिवलं, मी इचारलं नाय. लिवून झालं तरी ती फोन खाली ठेवत नाय. तसाच हातात धरून बसते, आई खाली उत्तर लिवायची तेवढा वेळ.