लीलावतीबाईंच्या अर्ध्या गोळ्या

लीलावतीबाई हॉलंडात फेल्डहोवनला आल्या त्या सुनेच्या बाळंतपणासाठी, मोजून तीन महिन्यांच्या बोलीवर. २०२० चा फेब्रुवारी होता तो. मार्चात नातू झाला आणि त्याच आठवड्यात विमानं बंद पडली. झालं, बाई अडकल्या. मुलाचं घर आरशासारखं लख्ख, दारापुढून सायकलींचा लाल रस्ता, पण बोलायला म्हणून कोणी नाही. आणि तिकडे फलटणला वासुदेवराव एकटे. लग्नाला बावन्न वर्षं झाली, पण बाई माहेरीही कधी आठ दिवसांच्या वर टिकल्या नव्हत्या. लोकांना सांगायच्या, “यांना चहाचा डबा सापडत नाही.” खरं म्हणजे यांच्या खोकल्याशिवाय बाईंनाच सकाळ झाल्यासारखी वाटत नसे.

जुलैत खास विमानं सुटली. शैलेंद्रनं आईचं नाव नोंदवलं, पंचवीस तारखेचं. पण दोन वर्षांपूर्वी बाईंना हृदयाचा झटका येऊन गेला होता, तेव्हा डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय पाठवायला तो तयार नव्हता. इथं आधी हाउसआर्त्स गाठायचा, म्हणजे आपल्या भागातला घरचा डॉक्टर. त्यानं पाय दाबून पाहिले, मान हलवली आणि हृदयाच्या सोनोग्राफीला मोठ्या इस्पितळात धाडलं.

पायांना सूज होती, ती बाईंना ठाऊक होती. म्हणून तर उन्हाळ्यातही मुलाचे लोकरी मोजे घालायच्या. इथले जिने म्हणजे शिड्याच. पाचव्या पायरीवर दम लागला की भिंतीवरचा फोटो बघत उभ्या राहायच्या. मृणालिनीला वाटे, सासूबाईंना फोटो फार आवडतो.

आता आतली गोष्ट अशी, की गोळ्या आणल्या होत्या तीनच महिन्यांच्या. एप्रिलात बाईंनी पाकिटं मोजली, पिशवीतला अडकित्ता काढला आणि सुपारीसारखी एकेका गोळीची दोन शकलं केली. चौथीपर्यंत शिकलेल्या बाईचा हिशोब: अर्धी अर्धी पुरवली की दुप्पट दिवस. घरात सांगितलं तर डॉक्टर येणार, त्यानं तपासलं की काहीतरी निघणार, आणि मग कोण सोडतंय विमानात?

इस्पितळाच्या दारात करोनामुळे मृणालिनीला अडवलं. पेशंट एकटाच आत. ती गाडीत बसून फोनवर राहिली आणि आतल्या तपासणाऱ्या उंच बाईनं तो फोन उशीपाशी ठेवला.

“आई, डाव्या कुशीवर वळा म्हणतायत.”

“वळले. पण काय ग ते गार चोपडतेय!”

“जेल आहे. श्वास सोडा... आता तसंच थांबा.”

बरगड्यांमध्ये ती बाई यंत्राची मूठ अशी दाबत होती, की लीलावतीबाईंना मास्कच्या आतून “अगाई ग” झालं. पडद्यावर करड्या धुरात काहीतरी उघडमीट करत होतं. मधेच आवाज लावला, तर ओलं धुणं आपटावं तसा थप्प, थप्प. हे आपलं? बाई त्याला मनातल्या मनात म्हणाल्या, ‘एवढा अर्धा तास जोर लाव रे बाबा. घरी गेल्यावर मग काय लोळायचं ते लोळ.’

मग डॉक्टर आले. ते बोलले ते मृणालिनी सांगू लागली. “आई, हृदयात जेवढं रक्त भरतं, त्यातले एका ठोक्याला शंभरात चौतीसच भाग बाहेर ढकलले जातायत. झटक्यानंतरच्या पुण्याच्या रिपोर्टमध्ये सेहेचाळीस होते.” मग ती फोनमधून डॉक्टरांशीच काहीतरी ठासून बोलली.

“काय सांगितलंस ग त्यांना?”

“ते विचारत होते, गोळ्या चुकतात का. म्हटलं, आमच्या आई एकही गोळी चुकवत नाहीत.”

खोटं बोलायला बाई काही घाबरत नव्हत्या. पण पोर आपली बाजू घेऊन भांडतेय, आणि आपण तिच्याच तोंडून खोटं बोलवतोय, हे त्यांना सोसेना.

“मृणाल, एप्रिलपासून अर्धीच घेते मी.”



“आई, एक शब्द बोलला असतात तर इथंच मिळाल्या असत्या हो गोळ्या!”

“ते माहीत होतं ग. पण मला घरी जायचं होतं.”

मृणालिनीनं ते डॉक्टरांना सांगितलं. त्यांनी चिठ्ठी काही दिली नाही. पूर्ण गोळ्या, शिवाय सुजेची एक नवी, आणि तीन महिन्यांनी पुन्हा हीच तपासणी. पंचवीस तारखेच्या विमानात बाईंची जागा दुसऱ्या कोणाला गेली.

वासुदेवरावांना हे सांगायचं कसं, ह्यात एक दिवस गेला. शेवटी बाईंनीच फोन लावला. ते एसटीच्या डेपोतले मेकॅनिक, जन्म इंजिनात गेलेला.

“किती आला म्हणालीस?”

“चौतीस.”

“अगं, मॅट्रिकला पस्तिसाला पास करायचे. एका मार्कानं गेलीस की!”

“हसा. तुम्हाला काय, डबा येतोय शेजारून.”

“येतोय. रोज शेपू पाठवते ती बया.” मग त्यांचा आवाज उतरला. “लीला, अर्ध्या डिझेलवर गाडी घाटात घातलीस. मला तरी सांगायचं.”

“तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही ‘येऊ नकोस’ म्हणाला असता.”

त्यावर वासुदेवराव नुसते खोकले. बाईंनी फोन कानाशी घट्ट धरला.

तेव्हापासून रोज सकाळी नऊला, म्हणजे फलटणच्या साडेबाराला, व्हिडिओचा फोन लागतो. बाई अख्खी गोळी जिभेवर ठेवून दाखवतात, पाणी पितात, तोंड उघडून पुन्हा दाखवतात. मग वासुदेवराव डबा उघडतात. त्यांचं जेवण होईस्तोवर बाई बघत बसतात. “पोळी कुस्करून घ्या, दात नाहीत तिकडच्या बाजूला,” असं अधूनमधून सांगतात. जेवण झालं की ते फोन तसाच ताटापाशी विसरून हात धुवायला जातात. पडद्यावर नुसती भिंत राहते, आतून नळाचा आवाज येतो. बाई फोन ठेवत नाहीत. ऑक्टोबरातल्या तपासणीला अजून सत्तर दिवस आहेत.