गिरजामावशीनं सांगितलेला आकडा

गडबच्या फाट्यावरून आत वळलं की वालाच्या शेतांमधून जाणाऱ्या रस्त्यावर सातवीपर्यंतची एक शाळा आहे. त्या शाळेत गिरजाबाई सतरा वर्षं खिचडी शिजवत होती. माहेर निडीचं, लग्न होऊन इकडे आली, नवरा गुणाजी लवकर गेला आणि पोटी मूल नाही. अशा बाईला गावात सणावारी कोणी पुढे बोलावत नाही आणि मागे कोणी विचारत नाही. पण गिरजाबाईचं तसं झालं नव्हतं. अर्ध्या गावाच्या पोरांनी तिच्या हातचं खाल्लेलं. मिशा फुटलेले, रोह्याच्या कंपनीत शिफ्टला जाणारे बापेसुद्धा रस्त्यात भेटले की ‘मावशी’ म्हणून थांबत. खिचडीत मीठ कमी पडलं तर तेवढंही सांगत, वीस वर्षांचे घोडे झाले तरी.

तिच्या अंगात आणखी एक कसब होतं. शाळेत सुईवाले आले की पोरांच्या पाचावर धारण बसायची, आणि तेव्हा मास्तर-बाईंपेक्षा गिरजाबाईची गरज जास्त लागायची. पोराचं तोंड ती आपल्या पदरात घ्यायची, ‘त्या कावळ्याच्या चोचीत काय हाय बघ’ म्हणायची, आणि पोर कावळा शोधेपर्यंत सुई टोचून झालेली असायची. कावळा कधीच नसायचा. हे पोरांना पुढच्या वर्षी आठवायचं, तरी सगळी पोरं पुन्हा शोधायची.

करोना आला आणि चूल बंद झाली. खिचडीऐवजी कोरडे तांदूळ-डाळ वाटायला लागले. मग दीड वर्षानं शाळा उघडली, पण चूल काही पेटेना. रिकाम्या बसलेल्या गिरजाबाईला मुख्याध्यापिका मालतीबाईंनी फाटकावर उभं केलं आणि हातात ताप मोजायचं पिस्तूल दिलं. मालतीबाई पेणहून यायच्या. शिस्तीच्या बाई, पण मनानं वाईट नाहीत. गिरजाबाईनं कपाळासमोर पिस्तूल धरायचं, दिसलेला आकडा मोठ्यानं सांगायचा, आणि मालतीबाईंनी पलीकडे टेबलावर तो लिहून घ्यायचा. आकडे वाचायला ती कॅलेंडरवर शिकलेली होती. पहिल्याच दिवशी एका पोरानं हात वर केले आणि सगळी रांग हसली. ‘सत्त्याण्णव’, ‘अठ्ठ्याण्णव’ असं ती देवळातल्या जपासारखं म्हणत राहायची. शंभरच्या वर गेलं तर पोराला परत घरी, असा नियम होता. तशी वेळ महिनाभर आली नाही.

जानेवारी लागला. वालाला शेंगा धरल्या आणि गावात पोपट्या सुरू झाल्या. मडक्यात वालाच्या शेंगा, अंडी, कोंबडी भरायची, भांबुर्डीचा पाला लावायचा आणि मडकं शेतात उपडं घालून भोवती जाळ करायचा. मग सगळ्यांनी गोल बसून एकाच पाल्यावरून खायचं. त्या रविवारी मुंबई-ठाण्याचे पाहुणे पोपटीसाठी मुद्दाम आले होते. दोघे-तिघे खोकतही होते म्हणतात. पण पाहुणा खोकतो म्हणून त्याला पाल्यावरून उठ म्हणायची रीत आमच्याकडे नाही. सगळा गाव त्या पोपटीला होता. गिरजाबाई नव्हती, कारण गुणाजी गेल्यापासून तिनं कोंबडी सोडलेली. पण पोपटी खाऊन आलेली पोरं सोमवारपासून रोज तिच्या पदराला होतीच.

बुधवारी शेजारच्या गावच्या शाळेत एका मास्तरांना करोना निघाला आणि गुरुवारी मालतीबाईंनी सांगितलं, उद्या आरोग्यवाले येणार, सगळ्यांची नाकातून तपासणी होणार. झालं, पोरांच्या तोंडचं पाणी पळालं. काडी नाकातून थेट मेंदूला लागते, असं सातवीच्या पोरांनी पाचवीला सांगितलं. पाचवीनं त्यात भर घातली, की निघाला तर गाडीत घालून नेतात आणि आईला काचेतून दाखवतात. मोठ्या पोरांना काडीचं भय नव्हतं. त्यांनी दुसऱ्या लाटेत बघितलं होतं: ज्या घरात करोना निघतो त्याच्या दाराला बांबू बांधतात, विहिरीवर त्या घरच्या बाईला शेवटी पाणी मिळतं, आणि कंपनी त्या घरच्या माणसाला गेटातून आत घेत नाही.

त्याच गुरुवारी सकाळी सातवीतली पिंकी रांगेत आली. गिरजाबाईनं पिस्तूल धरलं. एकशे एक. तिनं पुन्हा धरलं. पुन्हा तेच.

“मावशी, सांगू नको गो,” पिंकी ओठ न हलवता म्हणाली. “बाबाला कंपनीत घेणार नाय. गेल्या टायमाला चार महिने घरी होता.”

ही गोष्ट खोटी नव्हती. पिंकीचा बाप रितेश रोह्याला ठेक्यावर कामाला होता, रोह्याला लागूनच असलेल्या अष्टमी गावात चौघांत खोली घेऊन राहायचा आणि सुटीला घरी यायचा. दुसऱ्या लाटेत शेजाऱ्याला करोना निघाला म्हणून तो पंधरा दिवस घरी बसला. तेवढ्यात ठेकेदारानं त्याच्या जागी दुसरा माणूस लावला. ते चार महिने पिंकीची आई नूतन कशी काढत होती ते गिरजाबाईनं बघितलं होतं. वाटपातला दोन घरांचा तांदूळ तिनं पिंकीच्या पिशवीत घातला होता, आपला धरून.

“गिरजाबाई, किती?” मालतीबाईंनी टेबलावरून विचारलं.

“सत्त्याण्णव,” गिरजाबाई म्हणाली.

या एका शब्दावर पुढचं सगळं उभं आहे, म्हणून सांगतो: तो तिनं लबाडीनं उच्चारला नाही. पोर घाबरलंय, त्याला पोटाशी घ्यायचं, बाकी मग बघू. सतरा वर्षं तिनं हेच केलं होतं, आणि सतरा वर्षं ते बरोबर ठरलं होतं. तिनं पिंकीला स्वयंपाकाच्या खोलीत नेऊन गोणपाटावर निजवलं, डोक्यावर ओलं फडकं ठेवलं, दुपारपर्यंत मधून मधून जवळ घेतलं. घरी जाताना सांगितलं, “उद्या येऊ नको. आणि आबाजवळ निजू नको हां.” पिंकीनं मान हलवली. आबा म्हणजे तिचा आजा, केरू. लहानपणापासून पिंकी त्याच्याच गोधडीत निजायची. त्या दिवशी एकदम दुसरीकडे अंथरूण घातलं असतं तर नूतननं कारण विचारलं असतं. मग ती कुठे निजली असेल, ते कोणालाही समजेल.

शुक्रवारी पिंकी आली. कारण मालतीबाईंनी बजावलं होतं, जो गैरहजर राहील त्याच्या घरी आरोग्यवाले जातील. ताप गोळीनं उतरलेला, पण पोरगी पांढरीफटक. व्हरांड्यात टेबल मांडलं होतं आणि पांढऱ्या झग्यातली दोन माणसं उभी. त्यांचे डोळे तेवढे दिसत होते. पहिलीचं पोर त्यांना बघूनच ओरडायला लागलं, आणि एक रडलं की चाळीस रडतात. गिरजाबाई नेहमीच्या सवयीनं पुढे झाली, तर झग्यातली सिस्टर म्हणाली, “मावशी, लांब. मुलांना हात लावायचा नाही.”

हात लावायचा नाही म्हटल्यावर गिरजाबाईकडे दुसरं काही नव्हतं. मग ती स्टुलावर जाऊन बसली आणि म्हणाली, “माजी करा आधी. बघा रे पोरांनो, मावशीला काय व्हतंय ते.”

काडी नाकात गेली, तिच्या डोळ्यांत पाणी आलं, तरी ती हसली. पोरं गप्प झाली. दोन-चार हसलीसुद्धा. मालतीबाईंनी मान डोलावली. पंधरा मिनिटं सगळी शाळा त्या पांढऱ्या पट्टीकडे बघत होती. पट्टीवर एक रेघ आली आणि मग हळूहळू दुसरी.

दुसऱ्या रेघेचा अर्थ गावातल्या शेंबड्या पोरालाही माहीत होता. रांग क्षणभर जागेवर राहिली आणि मग फुटली. कुंपणावरून, फाटकातून, मोरीतून जिकडून वाट मिळेल तिकडून पोरं वालाच्या शेतात पळाली. त्यांत पिंकीही होती. चाळीसांतली अकरा हाती लागली. सोमवारपासून सरकारनंच शाळा बंद केल्या, त्यामुळे राहिलेल्यांची तपासणी राहिली ती राहिलीच.

गिरजाबाई घरात कोंडली गेली. ताप आला, गेला. हाडापेराची बाई, तिला तसं काही झालं नाही. पण बाहेर तिचं नाव झालं होतं. पोपटीचं नाव कोणी काढलं नाही. पाहुण्यांचंही नाव कोणी काढलं नाही, कारण ते प्रत्येकाच्याच घरचे होते. शाळेत करोना कोणाला निघाला? गिरजाबाईला. पोरांना रोज कोण शिवायचं? गिरजाबाई. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती अशी. आणि दहा दिवस संपले तरी काही मिटलं नाही. सुतकाला तेरावा दिवस असतो, त्या दिवशी न्हाऊन माणूस पुन्हा माणसांत येतो. याला तेरावाच नव्हता.

तपासणीच्या पुढच्याच आठवड्यात, गिरजाबाई कोंडलेली असतानाच, केरू आजारी पडला होता. लस त्यानं घेतली नव्हती. लस घेऊन माणसं मरतात, असं त्याला कोणीतरी देवळात सांगितलं होतं. दारावर बांबू नको म्हणून घरच्यांनी चार दिवस दुखणं अंगावर काढायला लावलं. मग श्वास लागला तेव्हा रोह्याला नेला, तिथून अलिबागला न्यायला सांगितलं. वाटेतच संपला.

तिसऱ्या दिवशी नूतन गिरजाबाईच्या अंगणात येऊन उभी राहिली. रडून आवाज बसलेला. “पोरांना धरून धरून बसायचीस, काकी. आमचा म्हातारा खाल्लास.”

गिरजाबाई दारात उभी होती. तिला उत्तर माहीत होतं. पण त्या उत्तरात पिंकीचं नाव होतं, म्हणून ती काही बोलली नाही. शेजारपाजारच्या बायका बघत होत्या. जी बोलत नाही ती कबूल, असा त्यांनी हिशोब केला.

मार्चमध्ये चूल पुन्हा पेटली. गिरजाबाईनं पातेली तीनदा घासली, ओल्या वालाचे दाणे स्वतःच्या घरून आणले, आणि खिचडी केली. पोरांनी दप्तरातून डबे काढले. घरून तशी ताकीद होती. मालतीबाईंनी पोरांसमोर बसून स्वतः दोन पळ्या खिचडी खाल्ली. त्यांचं हे मी विसरणार नाही. पण पोरं बघत राहिली आणि डबे संपवून उठली. सतरा वर्षांत पातेलं पहिल्यांदा भरलेलं परत गेलं. दुसऱ्या दिवशीही, तिसऱ्याही.

डबा न उघडणारी एकच होती, ती पिंकी. ती खिचडीही खात नव्हती आणि घरचंही. कोपऱ्यात बसायची, भिंतीकडे तोंड करून. गळ्याची हाडं वर आली होती. नूतन तिला दोनदा डॉक्टरकडे नेऊन आली होती. गिरजाबाई लांबून बघायची आणि आपल्या कामाला लागायची.

एका दुपारी सगळे वर्गात गेल्यावर पिंकी स्वयंपाकाच्या खोलीच्या दारात आली. आत आली नाही.

“मावशी, त्या दिवशी मला ताप किती व्हता?”

“सत्त्याण्णव.”

“खोटं. मी बघितलेला. एकशे एक. मी त्या रात्री आबाजवळच निजले. आबा माज्यामुळं गेला ना?”

गिरजाबाई पातेलं घासत होती. तिनं हात धुतले, पदराला पुसले. तिला पिंकीला जवळ घ्यायचं होतं, पण आता ती हिंमत तिच्यात राहिली नव्हती. कावळाही दाखवता येणार नव्हता. बारा वर्षांची पोर, पुढं साठ-सत्तर वर्षं हे डोक्यावर घेऊन जगणार.

“नाय गो,” ती म्हणाली. “माज्यामुळं गेला.”

“पण ताप मला व्हता.”

“मला आधी झालेला. तुज्या आधी चार दिवस. वास येत नव्हता, चव येत नव्हती. मीच तुला दिला, फाटकावर.”

पोर हुशार होती, तिनं विचारायचं तेच विचारलं.

“तुला ठाऊक व्हता?”

नाही म्हणाली असती तर पोरीनं विश्वास ठेवला नसता, एवढं गिरजाबाईला कळत होतं.

“व्हय. ठाऊक व्हता.”

“मग मला जवळ का घेतलीस?”

पिंकी रडायला लागली, आणि रडता रडताच तिचे खांदे सैल पडले. मग तिनं मावशीकडे एकदा, गावानं बघावं तसं बघितलं, आणि पळत वर्गात गेली.

त्या संध्याकाळी पिंकी दोन महिन्यांनी पोटभर जेवली. नूतननं आनंदानं शेजारणीला सांगितलं. पोरीनं मनात काय धरलं होतं आणि गिरजाबाई तिला काय म्हणाली, तेही सांगितलं. दुसऱ्या दिवशी रितेश आणि दहा-बारा पालक शाळेत आले. मालतीबाईंनी गिरजाबाईला समोर बोलावून विचारलं, “तुम्ही खरंच असं म्हणालात का?” गिरजाबाईनं ‘व्हय’ म्हटलं. मालतीबाईंना ते पटलं नव्हतं. पण बाई स्वतःच्या तोंडानं कबूल करते म्हटल्यावर त्या काय करणार? पुढच्या सोमवारपासून खिचडीला दुसरी बाई आली.

आता गिरजाबाई लोकांच्या शेतावर जाते, तीही पलीकडच्या गावात. पिंकी दहावीला आहे, पेणच्या शाळेत. एसटी पकडायला मैत्रिणींबरोबर ती याच रस्त्यानं जाते. चांगली भरलेली आहे अंगानं, हसते खिदळते. गिरजाबाईचं घर आलं की ती रस्त्याची बाजू बदलते आणि मैत्रिणींनाही हाताला धरून पलीकडे घेते, त्यांना काही होऊ नये म्हणून.